पेरणीचे दिवस आणि प्रवेशाची यादी

दहावीचा निकाल लागल्यापासून अकरावीत नाव दाखल होईपर्यंतचा काळ हिंगोली जिल्ह्यात पूर्वी फारसा लांबत नसे. गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊन मुलगा वडिलांसमवेत जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाई, कागदपत्रे पाहिली जात, शुल्क भरले जाई आणि काम संपे. 2025 साली हा रिवाज मोडला. मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर व अमरावती या शहरी क्षेत्रांपुरती असलेली केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया त्या वर्षी शासनाने संपूर्ण राज्याला लागू केली. सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ, वसमत येथील मुले मुंबईच्या मुलांबरोबर एकाच यादीकडे डोळे लावून बसली.

ती यादी लवकर लागली नाही. निकाल 13 मे रोजी, म्हणजे नेहमीपेक्षा बराच आधी जाहीर झाला होता. नोंदणी 21 मे रोजी सुरू व्हावयाची. परंतु संकेतस्थळच चालेना, म्हणून ती 26 मेपर्यंत पुढे गेली. (योगायोग असा की, त्याच दिवशी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. पाऊस वेळेआधी आला, संकेतस्थळ वेळेनंतर.) पुढे पहिल्या फेरीच्या यादीसाठी 26 जून हा दिवस सांगण्यात आला, मग 30 जून, आणि अखेर 28 जून रोजी यादी प्रसिद्ध झाली. निकालानंतर 46 दिवसांनी!

हा विलंब जागांच्या टंचाईमुळे झाला असे कोणी म्हणू शकणार नाही. राज्यात त्या वर्षी सुमारे साडेचौदा लाख विद्यार्थी उत्तीर्ण झाले होते आणि अकरावीच्या जागा होत्या सुमारे एकवीस लाख. पहिल्या यादीत 6 लाख 32 हजारांच्या आसपास मुलांना महाविद्यालय मिळाले. मोठ्या शहरांत खरी चुरस असते ती मोजक्या नामवंत महाविद्यालयांसाठी, आणि तेथे शिफारशीला व देणगीला आळा घालण्यासाठी ही पद्धत उपयुक्त आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पारदर्शकतेचा लाभ हिंगोलीच्या मुलालाही मिळावयास हवा. परंतु ज्या गावी जागा अधिक आणि अर्जदार कमी, तेथे गर्दीचा उपाय लावून आपण केवळ प्रतीक्षा निर्माण केली, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही प्रतीक्षा सर्वांना सारखी जाचत नाही. शहरातील मुलगा कोणते महाविद्यालय मिळेल याची काळजी करतो. रात्री तो आपल्याच घरी झोपणार असतो. हिंगोलीच्या शेतकऱ्याच्या घरी जून म्हणजे सोयाबीनच्या पेरणीचा आणि हळदीच्या लागवडीचा महिना. विकलेल्या हळदीचे जे काही पैसे हाती उरलेले असतात, त्यांवर बियाणे, खत आणि मुलाचे शिक्षण या तिघांचाही हक्क असतो. मुलाला नांदेड वा लातूर मिळाले, तर खोलीचे भाडे आणि खानावळ आली. गावाजवळचे महाविद्यालय मिळाले, तर तेवढे पैसे शेतात घालता येतात. पेरणी यादीसाठी थांबत नाही. पैसे आधी शेतात जातात आणि यादी मागून येते.

मुलींची अडचण आणखी निराळी. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो, ही चांगली सोय आहे. पण महाविद्यालयाचा दाखला हाती आल्यावाचून पास निघत नाही. वसतिगृहाचा अर्ज किंवा स्वाधार योजनेचे साहाय्य, तेथेही प्रवेश झाल्याचा पुरावा आधी मागतात. प्रवेश अडला की त्याच्यामागे सारेच अडते, आणि असे रिकामे दिवस लांबले की घरात मुलीच्या शिक्षणाऐवजी तिच्या लग्नाचा विषय निघू लागतो. मराठवाड्यातील पालकांना आम्ही हे नवीन सांगत नाही.

नियमांतील एका मेखेकडे आमच्या वाचकांचे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. अर्जात कमाल दहा महाविद्यालये पसंतीक्रमाने भरावयाची होती. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर तेथे प्रवेश घेणे बंधनकारक होते. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाद. आता सेवा केंद्रावर बसून आशेने लातूरचे नाव प्रथम लिहिणाऱ्या मुलाचा विचार करावा. नाव लागते, घरात आनंद होतो आणि दुसऱ्या दिवशी हिशेब मांडल्यावर कळते की लातूर परवडणारे नाही. गावाजवळच्या महाविद्यालयात जागा रिकामी दिसत असते, पण त्याला सर्वांसाठी खुल्या होणाऱ्या शेवटच्या फेरीपर्यंत थांबणे भाग पडते. शहरात ही अट जागा अडवून धरणाऱ्यांना आवर घालते. येथे ती नेमकी गरिबाच्या आशेला शिक्षा करते.

शासनाने नोंदणी आणि गुणवत्ता यादी ऑनलाइनच ठेवावी. मात्र ज्या तालुक्यात अर्जांपेक्षा जागा अधिक आहेत, तेथे नोंदणी होताच प्रवेश निश्चित करण्यास काय हरकत आहे? आर्थिक अडचणीचे कारण लेखी देणाऱ्या मुलाला पहिली पसंती सोडण्याची एक मुभा द्यावी. आणि जाहीर केलेला दिवस पाळता येणार नसेल, तर तसे आठवडाभर आधी कळवावे. यादी पाहण्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी आलेल्या बापाला ते सेवा केंद्राच्या दारात कळू नये.