मक्यातली परदेशी अळी

सप्टेंबर २०१८ मध्ये सांगली जिल्ह्यात उसाच्या पोंग्यात नवीच अळी निघाली. डोक्यावर उलटा इंग्रजी ‘वाय’, शेपटाकडे चौकोनात चार ठिपके. ही अमेरिकन लष्करी अळी. २०१६ मध्ये आफ्रिकेत, मे २०१८ मध्ये कर्नाटकात, २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात! पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटर उडतो. तिथे साताऱ्याचा मका किती लांब?

जनुके तपासली, तर आफ्रिकेतल्या आणि आपल्याकडच्या अळ्या जवळजवळ एकाच गोतावळ्यातल्या निघाल्या. गोतावळा लहान म्हणून अळी दुबळी, असं मात्र नाही. काही जुन्या औषधांना दाद न देण्याचा गुण तिने सोबतच आणलाय. मग दुकानदार देईल ते दुप्पट मारलं तरी खर्चच वाढतो. त्यात पोंग्यात दडलेल्या मोठ्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. मका लहान असतानाच पानांवरचे अंडीपुंज हुडकून चुरडावेत.