सोसणे आणि मानवणे

औषधाविषयी बोलताना मराठी माणूस दोन क्रियापदे वापरतो. ‘औषध मानवले नाही’ असे तो म्हणतो तेव्हा त्यात औषधाची निंदा नसते आणि रोग्याचा दोषही नसतो. दोघांचे जमले नाही, एवढेच त्याला सांगायचे असते. ‘थोडे सोसले पाहिजे’ असे तो म्हणतो तेव्हा मात्र निवाडा आधीच झालेला असतो. औषध बरोबर आहे, आणि जे काही होते आहे ते रोग्याने निमूटपणे पत्करायचे आहे. पित्ताच्या किंवा रक्तदाबाच्या गोळीबाबत आपण पहिले क्रियापद सढळपणे वापरतो. मनोविकारांच्या गोळ्यांची वेळ आली की ते लुप्त होते आणि दुसरे तेवढे उरते. आमचे म्हणणे असे की बायपोलर विकाराच्या उपचारात शब्दांची ही निवड केवळ सौजन्याची बाब नाही. रोगाची पारख चुकणे वा न चुकणे तिच्यावर अवलंबून असते.

आम्ही वैद्यकाचे पदवीधर नाही. घरातील एका माणसाच्या निमित्ताने बाह्यरुग्ण विभागाच्या बाकांवर अनेक वर्षे बसण्याचा योग मात्र आला. त्या बाकांवर शेजारच्या अनोळखी माणसाला जे मोकळेपणाने सांगितले जाते, ते आतल्या टेबलापाशी बहुधा पोहोचतच नाही, हे आम्ही तेथे पाहिले. प्रस्तुत लेखन त्या दोन जागांमधल्या अंतराविषयी आहे.

बायपोलर विकारात उन्माद आणि नैराश्य ही दोन टोके असतात. ऑलान्झापिन, क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, अरिपिप्राझोल, हॅलोपेरिडॉल अशी अँटिसायकोटिक औषधे त्यात लिथियम वा व्हॅल्प्रोएटच्या जोडीला, कधी स्वतंत्रपणेही दिली जातात. रात्र रात्र न झोपणारा, घरातील पुंजी चार दिवसांत उधळणारा, आपण अजिंक्य आहोत अशा खात्रीने रस्त्यावर उतरणारा माणूस या औषधांनी काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ठिकाणावर येतो. या औषधांची थोरवी ज्याने डोळ्यांनी पाहिली आहे, तो त्यांच्या विरुद्ध बोलणार नाही. आम्हीही बोलत नाही. आमचा आक्षेप ‘साइड इफेक्ट’ या शब्दातील ‘साइड’वर आहे. त्यामुळे एक परिणाम मध्यभागी बसतो आणि बाकीचे भिंतीकडेला उभे राहतात.

इतिहास पाहिला तर ही विभागणी टिकत नाही. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली सर्पगंधेचा उपयोग उन्मत्त रोग्यांमध्ये आणि रक्तदाबात होतो असे लिहिले. तिच्यातून पुढे १९५२ साली रिसर्पिन वेगळे काढण्यात आले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांना दिले जाऊ लागले, आणि अगदी पहिल्या रोग्यांत एक उन्मादाचाच होता. दोन्ही औषधांनी रोगी शांत होत, आणि दोन्ही औषधांनी त्यांपैकी काहींचे हात कापू लागत, चाल मंदावे, चेहरा कोरा होई. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७च्या सुमारास रिसर्पिनने निपचित पडलेल्या प्राण्यांना एल-डोपा दिले आणि ते पुन्हा हलू लागले. मेंदूतील डोपामिनचे महत्त्व अशा रीतीने उलगडले आणि पुढे २००० साली कार्लसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे ज्याला आपण बाजूचा परिणाम म्हणतो, त्यानेच डोपामिनची वाट दाखवली. डोपामिनला आवर घातल्याने उन्माद उतरतो. तोच आवर हालचालींच्या केंद्रात पडला की हात थरथरतात. कार्य एकच, जागा दोन.

आता बायपोलर विकारातील खरी अडचण. इतर बहुतेक रोगांत औषधाचा त्रास आणि मूळ रोग यांचे चेहरे वेगळे असतात. येथे रोगालाच दोन चेहरे आहेत, आणि औषधाचा त्रास त्यांपैकी कोणताही चढवून येऊ शकतो.

अकॅथिसियाचे उदाहरण घ्यावे. प्रागच्या लादिस्लाव हाश्कोवेत्स यांनी १९०१ साली, म्हणजे या औषधांच्या जन्माच्या अर्धशतक आधी, ग्रीक भाषेचा आधार घेऊन या अवस्थेला नाव दिले. अर्थ, ‘बसू न शकणे’. अँटिसायकोटिक औषधे आली आणि ही दुर्मीळ अवस्था रोजची झाली. माणूस उठतो, चार येरझाऱ्या घालतो, बसतो, पुन्हा उठतो. पाय स्वस्थ राहत नाहीत, जिवाची तगमग होते. घरच्यांनी अशी येरझार पूर्वी पाहिलेली असते, ती उन्मादात. ते साहजिकच म्हणतात, ‘पुन्हा चढायला लागले आहे.’ डॉक्टरांपुढे तेच वाक्य जाते आणि गोळीची मात्रा वाढते. मात्रा वाढल्याने अस्वस्थता वाढते, आणि वाढलेली अस्वस्थता वाढलेल्या उन्मादाचा पुरावा ठरते. या चक्रात सापडलेल्या माणसाच्या मनात मरणाचे विचारही येऊ शकतात. म्हणून याला किरकोळ चुळबूळ समजणे धोक्याचे आहे.

हे चक्र तुटते ते पुष्कळदा दोनतीन साध्या वाक्यांनी. ही तगमग गोळी सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर किती दिवसांनी लागली? ती मनात आहे की पायांत? चालल्याने बरे वाटते का? हे चालणे तुम्हांला हवेसे वाटते की नकोसे? उन्मादातील माणसाला आपली धावपळ बहुधा हवीशी असते. अकॅथिसियातील माणूस तिला अक्षरशः कंटाळलेला असतो. फरक कळला तर मार्ग आहेत: मात्रा कमी करणे, औषध बदलणे, प्रोप्रानोलॉलसारखी गोळी जोडीला देणे. पण हा फरक रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. तो रोग्याच्या वाक्यातच सापडतो. ‘बेचैनी’, ‘घबराट’, ‘तगमग’, ‘चुळबूळ’, ‘वळवळ’ हे शब्द मराठीत समानार्थी नाहीत. ‘त्रास होतो’ या एका वाक्यात ते सगळे बुडवून टाकले की डॉक्टरांच्या हाती काहीच उरत नाही.

दुसऱ्या टोकालाही हेच घडते. गोळ्यांनी आलेली गुंगी, चेहऱ्यावरचा कोरेपणा, संथ झालेली चाल पाहून ‘आता नैराश्य आले’ असा निष्कर्ष निघतो. कधी तो खराही असतो. पण ‘वाईट वाटते’ आणि ‘काहीच वाटत नाही’ यांत अंतर आहे. ‘उठावेसे वाटत नाही’ आणि ‘उठायचे आहे पण अंग जड आहे’ यांतही आहे. सकाळी दहापर्यंत डोळे उघडत नसतील तर रात्रीची गोळी दोन तास आधी घेण्याची मुभा डॉक्टरांनी देणे, एवढ्यानेही कित्येकदा काम भागते. त्यासाठी आधी कोणी तरी तास सांगितला पाहिजे.

तिसरा प्रसंग आपल्या समाजात आणखी बिकट होतो. विशेषतः हॅलोपेरिडॉलसारख्या औषधानंतर, पहिल्या काही दिवसांत, क्वचित मान एका बाजूला वळून आखडते, जीभ बाहेर येते, डोळे वर चढतात. ज्याला याची पूर्वसूचना मिळालेली नाही, त्या घरात ‘बाहेरचे काही तरी आहे’ हा निष्कर्ष निघायला वेळ लागत नाही. इंजेक्शनने हा आखडलेपणा बहुधा अर्ध्या तासात सुटतो. पण ते घर तोवर देवऋषीच्या दारात गेले, तर औषधावरील विश्वास कायमचा गेला असे समजावे. पहिल्या दिवशी उच्चारलेले एक वाक्य हे सारे टाळू शकते. (आखडलेपणाबरोबर तीव्र ताप आणि ग्लानी असेल तर तो प्रकार निराळा व प्राणघातक, तेव्हा थेट रुग्णालय गाठावे.)

आता शरीराच्या हिशेबाकडे येऊ. ऑलान्झापिनने वजन सर्वांत जास्त वाढते त्या औषधांत गणना होते. क्वेटियापिन आणि रिस्पेरिडोन मधल्या फळीत, अरिपिप्राझोल आणि ल्युरासिडोन त्यामानाने सौम्य. वजनाबरोबर साखर व चरबीही वाढते. अमेरिकेतील मधुमेह व मनोविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी २००४ साली एकत्र येऊन यासाठी वेळापत्रकच ठरवून दिले: औषध सुरू करतानाच वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर व चरबी मोजावी, वजन चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्यात पुन्हा पाहावे, बाराव्या आठवड्यात रक्तदाब, साखर व चरबी पुन्हा तपासावी, मूळ वजनाच्या ५ टक्के वाढ झाली तर औषध बदलण्याचा विचार करावा. वजनकाटा आणि शिंप्याची टेप यांना फारसा खर्च येत नाही. तरीही व्यवहारात हा हिशेब ‘फार खातो’ या शेऱ्यावर मिटवला जातो. रात्रीच्या गोळीनंतर लागणारी ती भूक चारित्र्याची उणीव नव्हे. औषध मेंदूतील भुकेच्या यंत्रणेवर काम करते आहे. ती येणार हे ठाऊक असेल तर फरसाणाचा डबा घरात न ठेवणे, कोरड पडल्यावर सरबताऐवजी पाणी पिणे, जेवणाची वेळ सांभाळणे असे उपाय करता येतात. ते पुरले नाहीत तर मेटफॉर्मिनसारख्या औषधाविषयी डॉक्टरांशी बोलता येते. खादाड म्हणून हिणवलेला माणूस यांतले काहीच करत नाही. तो फक्त गोळी टाकून देतो.

आणि काही गोष्टी तर बाकांवरही बोलल्या जात नाहीत. रिस्पेरिडोनसारख्या औषधाने प्रोलॅक्टिन वाढते. पाळी थांबू शकते, अंगावर दूध येऊ शकते, पुरुषांची छाती भरू शकते, कामेच्छा मावळू शकते. अविवाहित मुलीची पाळी थांबली तर घरात कोणती शंका आधी येते हे सांगायला नको. वडील किंवा सासू शेजारी बसलेली असताना हे कोणी कसे बोलावे? रोग्याला दोन मिनिटे एकटे भेटणे हा येथे उपचाराचाच भाग होय. याउलट फार वर्षांनी येणारा टार्डिव्ह डिस्किनेसिया, म्हणजे ओठांची, जिभेची आपोआप होणारी हालचाल, पुष्कळदा रोग्याला स्वतःला जाणवत नाही. ती घरच्यांना दिसते. म्हणजे सांगणारा कधी रोगी, कधी सोबतचा. दोघांनाही ऐकावे लागते.

यावर आक्षेप ठरलेला आहे: इतके सगळे सांगितले तर रोगी घाबरेल आणि औषध घेणारच नाही. शिवाय बाहेर रांग उभी आहे, वेळ कोठे आहे? वेळेची अडचण खरी आहे, तिची थट्टा आम्ही करणार नाही. भीतीचा युक्तिवाद मात्र उलट दिशेने जातो. न सांगितलेला परिणाम अंगावर आला की माणूस गोळी बंद करतो, आणि ते कोणाला सांगत नाही. अशी एकाएकी बंद केलेली गोळी उन्मादाला परत बोलावते, आणि मग ‘औषधे घेत नाही, ऐकत नाही’ असा शेरा त्याच्या नावावर चढतो. के रेडफिल्ड जेमिसन या स्वतः या विषयाच्या प्राध्यापक व संशोधक. त्यांनी ‘ॲन अनक्वाएट माइंड’ (१९९५) या आत्मकथनात लिथियमविषयी जे सांगितले आहे ते वाचणाऱ्यांच्या जमातीने तरी विसरू नये. लिथियमने त्यांचा जीव वाचवला असे त्या निःसंशय मानतात. आणि त्याच लिथियमच्या मोठ्या मात्रेने वर्षानुवर्षे त्यांना सलग गंभीर वाचन करता येईनासे झाले, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहितात. त्यांनी ते औषध अनेकदा सोडले आणि त्याची भयंकर किंमत मोजली. पुढे मात्रा कमी झाल्यावर वाचन परतले. रोगाची इतकी जाणकार व्यक्ती जर औषध सोडते, तर त्यास अडाणीपणा म्हणून भागणार नाही. पुस्तक हातातून जाणे हे कोणाच्या लेखी ‘साइड’ असेल. ज्याचे पुस्तक गेले त्याच्या लेखी ते नसते.

या बाबतीत कायदा आपल्या पुढे गेला आहे. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८च्या मे महिन्यात लागू झाला. त्याच्या बाविसाव्या कलमाने मनोरुग्णाला व त्याने नेमलेल्या प्रतिनिधीला उपचाराची आणि उपचाराच्या ज्ञात दुष्परिणामांची माहिती मिळण्याचा हक्क दिला, आणि ती माहिती समजेल अशा भाषेत व रूपात मिळावी असेही म्हटले. प्रकृती ठीक असताना, पुढे आपल्यावर कोणते उपचार व्हावेत व होऊ नयेत हे लिहून ठेवण्याची सोयही त्यात आहे. आता प्रत्यक्ष पाहा. दुकानदार गोळ्यांची पट्टी कापून देतो. सोबत कागद असलाच तर तो इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. समजेल अशा भाषेत हे तीन शब्द कायद्याच्या पुस्तकात राहिले. ते बाहेर आणण्याचे काम एकट्या डॉक्टरांचे नाही. ज्यांना मराठी लिहिता येते त्यांचेही आहे. प्रत्येक औषधाचे एक पानी, ठसठशीत अक्षरांतले, बोलीतले शब्द वापरणारे पत्रक तज्ज्ञांकडून तपासून घेऊन तयार करणे ही साहित्यसेवाच ठरेल असे आम्हांस वाटते.

तोवर घरात एक वही असावी. तीत गोळी कधी बदलली त्याची तारीख, झोपेचे तास, महिन्याचे वजन, आणि जे होते आहे ते त्या माणसाच्याच शब्दांत. वहीतला मजकूर वाचून गोळी आपल्या मनाने कमीजास्त करू नये. ती टेबलावर ठेवावी, आणि डॉक्टरांना विचारावे: हे सोसायचे आहे, की हे औषध मानवलेले नाही? दोन्ही उत्तरे संभवतात. काही त्रास दोन आठवड्यांत ओसरतात आणि ते खरोखरच सोसण्याजोगे असतात. पण तसे ठरवण्याआधी प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि ज्याच्या अंगावर बेतले आहे त्याला उत्तर ऐकू आले पाहिजे.