चिकटा आणि चिकाटी

मोटार घेतलेल्या माणसाचं झाडांशी नातं फार चमत्कारिक असतं. वैशाखात तो गाडी लावायला सावली हुडकत चार गल्ल्या हिंडेल. आणि माघात त्याच सावलीतून गाडी काढताना टपावर काळे ठिपके दिसले, की सोसायटीच्या सभेत उठून म्हणेल, "ते आंब्याचं झाड आधी तोडा!"

माझं या मंडळींशी भांडण आहे.

एक तर आरोपीच चुकीचा पकडलाय. मोहोराच्या दिवसांत गाडीवर जे चिकट पडतं, तो बहुतेक वेळा आंब्याचा चीक नसतोच. मोहोराचा रस शोषून तुडतुडे जी साखर मागल्या दारानं बाहेर टाकतात, ती असते. तिच्यावर बुरशी चढली, की काजळी धरते. आता साखर पाण्यात विरघळते, हे रोज चहा पिणाऱ्याला ठाऊक असायला हरकत नव्हती. कोमट साबणपाणी, मऊ फडकं, झालं! पण नाही. आमचा वीर पाण्याआधी सुरी काढतो. नाहीतर भांड्यांची तारेची घासणी. त्याहून शूर असेल तो रंगाऱ्याकडचं थिनर आणतो. थिनरचा जन्मच मुळी रंग पातळ करण्यासाठी. तुमची मोटार पाहून ते आपला धर्म सोडेल कसं? रंगावरचा पारदर्शक थर साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहून बारीक. त्यावर घासणी फिरवायची आणि ओरखड्यांचं बिल आंब्याच्या नावावर फाडायचं!

बरं, खरा डिंकच असला तर? तोही निघतो. गाडी सावलीत गार होऊ द्या. आधी धुऊन धूळ घालवा, नाहीतर तीच धूळ पॉलिशपेपरचं काम करते. कोमट पाण्याचं फडकं डागावर पाच-दहा मिनिटं ठेवा. तरी हटला नाही, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन आधी कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात लावून बघा. कापसावर रंग उतरला नाही, तर डागावर तो अर्धा मिनिट टेकवा, हलकेच पुसा, पुन्हा टेकवा. इथे जोर कामाचा नाही, दम हवा. शेवटी पाणी, आणि वर मेणाचा हात. म्हणजे पुढचा डाग मेणावर बसेल, रंगावर नाही. डाग ताजा असतानाच पुसलात, तर यातलं निम्मं काम वाचतं.

एवढ्याला फार तर अर्धा-पाऊण तास. उलट झाड तोडायचं म्हणाल, तर शहरातल्या झाडाला परवानगीशिवाय हात लावायचा नाही, असा महाराष्ट्रात १९७५ पासून कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांच्या झाडाला 'वारसा वृक्ष' हा मानही दिला. खाजगी मोटारीची नोंदणी पहिल्यांदा होते ती पंधरा वर्षांची. म्हणजे आंबा मानाला पोचेपर्यंत त्याच्या सावलीत तीन मोटारी म्हाताऱ्या झालेल्या असतात, आणि हा आपला दरसाल मोहोरतोच आहे!

इतकं करूनही चिकटा सोसवत नसेल, तर मोहोराचे दोन महिने गाडी दहा पावलं पलीकडे लावा. चाकं तिला आहेत, झाडाला नाहीत.