मोठ्या कुत्र्याचें घर

'कुत्रा' या विषयावर निबंध लिहिला नाहीं असा विद्यार्थी आमच्या पाहण्यांत नाहीं. कुत्रा इमानी असतो, तो घराची राखण करितो, धन्यानें टाकलेला तुकडा तो विसरत नाहीं, हें सर्व आम्ही पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आलों आहों, आणि गुरुजीही त्याखालीं तांबड्या शाईनें गुण देत आले आहेत. मात्र तो इमानी प्राणी रात्रीं कोठें निजतो, भर दोन प्रहरीं कोठें बसतो व आषाढाच्या झडींत आपलें अंग कोठें कोरडें ठेवितो, याचा विचार त्या निबंधांत सहसा आढळत नाहीं. अलीकडे शहरांच्या कडेच्या बंगल्यांच्या आवारांत अल्सेशियन, ग्रेट डेन, रॉटवायलर, क्वचित् सेंट बर्नार्डसुद्धां दृष्टीस पडतात. तीं कुत्रीं विकत घेण्यास हजारों रुपये मोजले जातात; पण त्यांचा निवारा पाहावा तों पत्र्याचा एक डबा, नाहीं तर जिन्याखालची अडगळ. हा प्रकार आम्हांस बरा वाटत नाहीं.

यावर वडीलधारीं माणसें विचारतात, "आमच्या वडिलांच्या काळीं कुत्र्यास कोणीं घर बांधलें होतें? तीं कुत्रीं काय मेलीं?" प्रश्न उडवून लावण्याजोगा नाहीं. खेड्यांतील कुत्र्यास घर नसतें हें खरें. परंतु त्यास सारें गांव मोकळें असतें. माघाच्या थंडींत तो सकाळच्या उन्हांत पारावर येऊन पडतो. ऊन चढलें कीं सोडलेल्या बैलगाडीखालीं जातो. वैशाखांत पाण्याच्या रांजणाजवळची ओली माती पायांनीं उकरून तींत पोट टेकून बसतो. पाऊस आला कीं कोणाच्या तरी पडवींत शिरतो, आणि तेथून हाकलला गेला तर चुलाण्याच्या राखेंत जाऊन अंग मुरडून निजतो. धनगराचा कुत्रा आकाशाखालीं निजतो, पण तो मेंढरांच्या उबेंत निजतो. दिवसांतून पांच वेळां जागा बदलण्याचें जें स्वातंत्र्य या कुत्र्यांस आहे, तेंच त्यांचें घर. आपण मोठा कुत्रा आणितों, त्याच्या बळाची आपणांस व शेजाऱ्यांस धास्ती वाटते म्हणून त्यास साखळी घालितों अथवा कुंपणांत कोंडितों; आणि त्याबरोबरच सांवली शोधून काढण्याची त्याची शक्ति आपण हिरावून घेतों. ज्यानें ती हिरावून घेतली, त्यानें सांवली, कोरडी जागा, ऊब व वारा हीं सर्व त्यास बसल्या जागीं आणून दिलीं पाहिजेत. कुत्र्याचें घर हें धन्याच्या अंगावरचें देणें आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कायद्यासही हें मान्य आहे. १९६० सालीं आपल्या संसदेनें जनावरांस क्रूरपणें वागविण्यास आळा घालणारा कायदा केला. त्याच्या ११ व्या कलमांत जनावरास अवाजवी आंखूड किंवा अवाजवी जड साखळीनें अवाजवी वेळ बांधून ठेवणें, नीट हालचाल करतां येणार नाहीं अशा पिंजऱ्यांत कोंडणें, नेहमीं बांधलेल्या कुत्र्यास फिरविण्याची हयगय करणें आणि त्यास पुरेसें अन्न, पाणी व निवारा न देणें हे सर्व अपराध गणिले आहेत. मात्र पहिल्या अपराधास दंड ठरविला तो १० रुपयांपासून ५० रुपयांपर्यंत! इतक्या रकमेंत आज कुत्र्याच्या गळ्यांतील पट्टासुद्धां मिळणें कठीण. तेव्हां कायद्याच्या भीतीनें कोणी घर बांधील ही आशा व्यर्थ. समजून उमजून बांधील तरच.

आतां बांधावयाचें तें कसें? पुष्कळ हौशी लोक विलायती पुस्तकांतील चित्र सुतारापुढें ठेवितात. लांकडाची लहानशी पेटी, पुढें कमानदार दार, वर दुपाखी छप्पर. त्या पेटीमागील हेतु कोणी विचारीत नाहीं. ज्या देशांत बर्फ पडतें तेथें घर जितकें लहान तितकें बरें, कारण कुत्र्याच्याच अंगच्या उष्णतेनें तें ऊबदार राहतें. म्हणून तेथें कुत्र्यास वळतां व निजतां येईल एवढीच जागा ठेवितात, आणि दारही अंग चोरून जाण्याइतकेंच. आल्प्स पर्वतांत सुमारें ८,१०० फूट उंचीवर सेंट बर्नार्ड घाटांत ख्रिस्ती साधूंची जी धर्मशाळा आहे, तेथें जोपासलेल्या कुत्र्यांच्या जातीस दाट केंस आहेत ते त्या बर्फांत उपयोगी पडणारे. तेथल्या 'बॅरी' नांवाच्या कुत्र्यानें (१८००–१८१४) बर्फांत सांपडलेल्या प्रवाशांचे प्राण वांचविले. त्याचें पेंढा भरलेलें शरीर बर्न शहरच्या संग्रहालयांत अद्याप जपून ठेविलेलें आहे. त्याच जातीचें पिलूं मुंबईस आणून लांकडी पेटींत घालणें म्हणजे एखाद्यास लोंकरीचा अंगरखा चढवून भट्टीपाशीं बसविणें होय. आमच्याकडे ऊन, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस हे तीन वैरी. थंडीचा क्रम त्यांच्या मागून. म्हणून मापही उलट धरावें. कुत्रा उभा असतां त्याचें डोकें छपरास लागूं नये, आणि आडवा होऊन त्यानें चारी पाय ताणले तरी ते भिंतीस टेकूं नयेत. अल्सेशियन नर खांद्याशीं सुमारें २ फूट उंच असतो, ग्रेट डेन नर ३० इंच व त्याहूनही अधिक. पहिल्यास आंतून ५ फूट लांब व ४ फूट रुंद जागा पुरेशी होते. दुसऱ्यास ६ फूट व ५ फूट द्यावी. पिलाच्या अंगावर मात्र माप घेऊं नये. वर्षभरांत तें पिलूं आपलें घर पाठीवर घेऊन हिंडूं लागेल.

कुत्र्यास आपल्यासारखा सर्वांगास घाम सुटत नाहीं. पायांच्या तळव्यांस थोडासा येतो तेवढाच. बाकी सारी उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवितो. हवा दमट असली कीं हा उपायही लंगडा पडतो. त्याच्या शरीराची स्वाभाविक उष्णता १०१ ते १०२½ अंश फॅरनहाइट असते. ती १०६ च्या पुढें गेली कीं प्राणावर बेततें. मे महिन्याच्या दुपारीं बंद पत्र्याच्या खोपटांत हें घडावयास फार वेळ लागत नाहीं. म्हणून घराचें तोंड पूर्वेस अथवा ईशान्येस असावें. सकाळचें कोंवळें ऊन आंत येऊन जमीन सुकवितें. दुपारचें ऊन पाठीकडच्या भिंतीवर पडतें, आणि नैर्ऋत्येकडून येणारा मोसमी पाऊसही त्याच भिंतीवर आपटतो. ही पाठीकडची भिंत जाड विटेची, बिनखिडकीची व बुटकी असावी. पुढची बाजू ५½ फूट, मागची ३½ फूट, असें एकपाखी छप्पर पश्चिमेकडे उतरतें ठेविलें म्हणजे ऊन व पाऊस दोन्ही थोपतात. उत्तरेच्या व दक्षिणेच्या भिंतींत छपराच्या लगत जाळीचे झरोके ठेवावे. तापलेली हवा वर चढून त्यांतून निघून जाते. पुढची बाजू अर्धी तरी मोकळीच असूं द्यावी. देशावर पौषांतील रात्रीं गोणपाटाचा पडदा सोडला कीं थंडीचें काम भागतें.

छपरास पत्रा स्वस्त पडतो, म्हणून सारे पत्राच घालितात. तो उन्हांत तव्यासारखा तापतो, आणि पावसांत त्यावर असा ताशा वाजतो कीं आंतल्या जिवास झोंप कशी ती येत नाहीं. आमचा कौल मंगळुरी कौलांस आहे. १८६५ सालीं बासल मिशननें मंगळूर येथें या कौलांचा कारखाना घातला. तेव्हांपासून पश्चिम किनाऱ्यावरील किती शाळा, दवाखाने व प्रार्थनामंदिरें त्यांच्या छायेखालीं उभीं राहिलीं याची गणती नाहीं. त्या छायेंत एक कुत्रा सहज मावेल. कौलांस उतार मात्र चांगला हवा, २ फुटांस १ फूट तरी. वर दिलेल्या मापांत ४ फूट रुंदीस तो साधतो, रुंदी वाढविल्यास पुढची बाजूही त्या मानानें उंच करावी. वळचण दीड-दोन फूट बाहेर काढावी. पत्र्याशिवाय गत्यंतरच नसेल तर त्यावर माडाचीं झांपें किंवा उसाचें पाचट पसरावें व खालीं बांबूच्या तट्ट्याचें छत द्यावें.

जमिनीकडे लोकांचें लक्ष सर्वांत कमी असतें, आणि कुत्रा तर जन्मभर जमिनीवरच असतो. जोतें १ फूट उंच असावें. कोंकणांत, जेथें वर्षास १०० इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, तेथें दीड फूट. वर शहाबादी फरशी, दाराकडे किंचित् उतरती. भिंती आंतून गुळगुळीत गिलाव्याच्या असाव्या. उघड्या दगडांची भिंत दिसते सुरेख. पण तिच्या फटींत काय चालतें तें पाहावें. कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन टम्म झाली कीं खालीं उतरते, भिंतीवर चढते आणि फटींत शिरून हजारों अंडीं घालते. तीं फुटलीं कीं पुन्हां त्याच कुत्र्यावर धाड येते व गोचीडताप घेऊन येते. धनी कुत्र्यास औषधाचें स्नान घालितो आणि भिंतीस विसरतो! फटी बुजवाव्या, कोपरे गोलसर करावे, आणि वर्षांतून दोनदां चुन्याची सफेदी द्यावी. अंथरुणास पेंढा विलायतेंत चांगला. आमच्याकडे श्रावणांत त्यास बुरशी येते व तो पिसवांचें माहेर होतो. नुसत्या फरशीवर निजविलें तर जड अंगाच्या कुत्र्याच्या कोपरांस घट्टे पडतात. यावर आमच्या मतें सर्वांत उत्तम उपाय आमच्याच जुन्या घरांतला आहे: सुंभानें विणलेली लहानशी बाज, जमिनीपासून वीतभर उंच. खालून वारा खेळतो, ओल चढत नाहीं, अंगाचा भार सारखा पसरतो, आणि उन्हांत टाकून झटकली कीं ती स्वच्छ होते. पहिल्या आठवड्यांत कुत्रा सुंभ कुरतडील. आपण पुन्हां विणावें.

येथपर्यंत घर झालें. पण गांवच्या कुत्र्याच्या ज्या पांच जागा आम्हीं वर सांगितल्या, त्यांपैकीं या घरांत दोन-तीनच आल्या. बाकीच्या अंगणांत द्याव्या लागतात. पुढें निदान २० फूट लांब व १० फूट रुंद आवार असावें, त्यास ६ फूट उंच जाळी, व ती तळाशीं फूटभर जमिनींत पुरलेली. त्यांतील निम्मी जमीन मातीचीच राहूं द्यावी. सगळ्या आवारास सिमेंट करणारे लोक स्वच्छतेच्या नांवाखालीं कुत्र्याचा उन्हाळ्यांतील मुख्य विसांवा नाहींसा करितात. तो खड्डा उकरील, उकरूं द्यावा. वर कडुनिंबाची, आंब्याची वा चिंचेची सांवली असावी. माडाखालीं मात्र घर बांधूं नये. याचें कारण कोंकणांतील वाचकांस सांगावयास नको. पाण्यास दगडी डोणी उत्तम, ती उलथत नाहीं. पण ती सांवलींत ठेवावी व रोज घांसावी.

हें घर बहुधा मागच्या परसांत, न्हाणीच्या पलीकडे, कोणाच्या दृष्टीस पडणार नाहीं अशा ठिकाणीं बांधतात. ही मोठी चूक आहे. कुत्रा हा मूळचा कळपानें राहणारा प्राणी. त्याचा कळप म्हणजे आतां आपणच. बाजेवर पडल्या पडल्या त्यास घराचें दार व रस्त्यावरचें फाटक दोन्ही दिसलीं पाहिजेत. कांहीं लोक म्हणतात कीं माणसांत मिसळलेला कुत्रा राखण करीत नाहीं, एकटा व बांधलेला ठेविला म्हणजेच तिखट होतो. तिखट होतो यांत संशय नाहीं. अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं केलेली एक पाहणी १९९४ सालीं प्रसिद्ध झाली. तींत अंगणांत साखळीनें बांधून ठेविलेलीं कुत्रीं चावण्याचा संभव अधिक असें आढळून आलें. असा कुत्रा साखळी तुटेल त्या दिवशीं चोरास आणि शाळेंतून परतणाऱ्या शेजारच्या पोरास सारखेंच लेखतो. राखण करावयाची तर आपला कोण व परका कोण हें कुत्र्यास कळलें पाहिजे, आणि तें माणसांत राहिल्यावांचून कसें कळावें? धर्मराजाच्या महाप्रस्थानांत काय किंवा तोबियाच्या प्रवासांत काय, कुत्रा सोबत चालत असतो. तो कोठें मागें बांधून ठेविलेला नाहीं.

इतकी जागा, इतका खर्च व रोज सकाळ-संध्याकाळचा वेळ ज्यांच्यापाशीं नाहीं, त्यांनीं मोठा कुत्रा आणूं नये. हें बोलणें कठोर वाटेल, पण दोन खणांच्या गच्चीवर ग्रेट डेन ठेवण्याइतकें कठोर तें नाहीं. आणावयाचाच तर आपल्या हवेंत वाढलेला कां आणूं नये? २००५ सालीं भारतीय टपाल खात्यानें चार देशी जातींच्या कुत्र्यांचीं तिकिटें काढलीं, त्यांत घोरपड्यांच्या संस्थानांत नांवारूपास आलेला मुधोळचा शिकारी कुत्रा आहे. तो उंच असून सडपातळ, आंखूड केंसांचा, ऊन सोसणारा आहे. मात्र त्यास रोज मोकळें धांवावयास मैदान लागतें, आणि तें नसेल तर त्याचाही छळच. विदर्भांत वैशाखीं पारा ११० अंशांच्या वर जातो. तेथें आम्हीं वर्णिलेलें घरही पुरें पडत नाहीं. त्या दिवसांत दुपारचा कुत्रा ओसरीवर किंवा माजघरांत घ्यावा, आणि घरांतील मंडळींनीं त्याविषयीं कुरकुर करूं नये.

काम दिवाळीनंतर काढावें. गिलाव्यास आठवडाभर पाणी मारावें, सफेदी करावी, आणि उन्हाळाभर घर रिकामें सुकूं द्यावें. मृगापूर्वीं कौलांवर व मागच्या भिंतीवर चार-सहा घागरी पाणी ओतून कोठें गळतें तें पाहावें, गळेल तेथें डागडुजी करावी. पिलूं त्यानंतर आणावें.