प्रवाळाला उपाशी पाणी लागतं

आपल्याकडे कापूस पिवळा पडला की युरिया टाकतात, लागवडीला डीएपी देतात. म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस. खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये हीच दोन द्रव्यं वाढली की प्रवाळ कोमेजतं आणि शेवाळ माजतं. निमोचा सिनेमा पाहून घरात टँकचा हट्ट सुरू झाला असेल, तर मासे नंतर बघा, आधी हा हिशेब समजून घ्या.

प्रवाळ वाढतं ते समुद्राचं पाणी जवळजवळ उपाशी असतं. त्याच्या शरीरातलं सूक्ष्म शेवाळ उजेडावर अन्न बनवतं आणि बरंचसं त्यावरच भागतं. टँकमध्ये मात्र आपण रोज खाद्य टाकतो. उरलेलं खाद्य आणि माशांची घाण यांतून अमोनिया होतो, बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे बॅक्टेरिया बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासे सोडू नयेत. पुढे नायट्रेट साचतच राहतं. साधा फिल्टर पाणी नितळ ठेवतो, पण विरघळलेलं नायट्रेट त्यात अडकत नाही. म्हणून टेस्ट किट हवंच. प्रवाळ पाळणारे साधारणपणे नायट्रेट लिटरला २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम ठेवतात. अगदी शून्यावर आणलं तरी प्रवाळ फिकट पडतं.

पाणी बदलून किती फरक पडतो? ५० वर गेलेलं नायट्रेट पाचवा हिस्सा पाणी बदलल्यावर ४० वर येतं. बस्स. त्यापेक्षा घाण सडण्याआधीच काढलेली बरी. ते काम प्रोटीन स्किमर करतो. डाळ शिजताना वर आलेला फेस आपण चमच्याने काढतो, तसंच. बारीक बुडबुड्यांना घाण चिकटते आणि फेसाबरोबर वरच्या कपात जमा होते. गोड्या पाण्यात असा फेस नीट धरत नाही.

मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाला समुद्र समोरच होता. आदिलाबादेत पाणीही घरीच बनवायचं. बोअरचं पाणी जड, म्हणून आर.ओ.चं घ्यायचं आणि शंभर लिटरला साधारण साडेतीन किलो समुद्री मीठ मिसळायचं. स्वयंपाकाचं मीठ अजिबात चालत नाही. मे महिन्यात बाहेर ४३-४४ अंश असताना आत २६ ठेवायला चिलर लागतो. लाइट गेली की पंप बंद, आणि पाण्यातला ऑक्सिजन उतरू लागतो. बॅटरीवरचा एअर पंप जवळ ठेवा.

मालवणला फिरायला गेलात तर प्रवाळाचा तुकडा उचलून आणू नका. दगडासारखा कडक सांगाडा करणारी सगळी प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत. टँकसाठी सिरॅमिकचे दगड घ्या, बॅक्टेरियांना तेही चालतात. माझं विचाराल तर आपल्या गावात मासे आणि दगड एवढ्यावरच थांबावं. निमो समुद्रफुलाशिवायही मजेत राहतो आणि प्रवाळापेक्षा जास्त नायट्रेट सोसतो.