कुरुंदवाडचे शास्त्रज्ञ आणि पचमढीचे आरसे

खगोलशास्त्रातील प्रतिष्ठेचा शॉ पुरस्कार २०२४ साली प्रा. श्रीनिवास कुलकर्णी यांना मिळाला. त्यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचा. तेव्हा महाराष्ट्राला अभिमान वाटावा हे स्वाभाविकच. मात्र अशा प्रसंगी अभिमानापाठोपाठ बुद्धिमंतांच्या देशत्यागाची हळहळही ठरलेली असते. सरकारी खर्चाने शिकवावे आम्ही आणि फळे चाखावीत अमेरिकेने! हा हिशेब वरवर बिनतोड वाटतो. परंतु त्यात भांडवलाची बाजू मांडलेलीच नसते.

कुलकर्णी १९७८ मध्ये दिल्लीच्या आयआयटीतून पदव्युत्तर पदवी घेऊन बर्कलेला गेले. सेकंदाला ६४२ वेळा गिरकी घेणारा पहिला मिलिसेकंद पल्सार १९८२ साली सापडला, तो शोधणाऱ्या चमूत ते विद्यार्थिदशेतच होते. पुढे त्यांचे नाव जोडले गेले ते गॅमा किरणांच्या स्फोटांशी. हे स्फोट मुळात खगोलशास्त्रज्ञांनी शोधलेच नव्हते. अणुचाचणीबंदी करारावर पहारा ठेवण्यासाठी सोडलेल्या अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी ते १९६७ मध्ये टिपले आणि १९७३ मध्ये जगाला कळविले. हे स्फोट आपल्या आकाशगंगेतील की तिच्या फार पलीकडचे, हा वाद त्यानंतर जवळजवळ पाव शतक मिटला नाही. ८ मे १९९७ रोजी बेप्पोसॅक्स उपग्रहाने असा एक स्फोट नोंदविला. अवघ्या काही दिवसांत मेट्झगर, जॉर्गोव्स्की, कुलकर्णी प्रभृतींनी हवाई बेटावरील केक दुर्बिणीतून त्याच्या मावळत्या प्रकाशाचा वर्णपट घेतला आणि तो स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षे दूरचा असल्याचे सिद्ध केले.

यात प्रज्ञेचा वाटा मोठा आहेच. पण दहा मीटर व्यासाचा आरसा ऐन वेळी हाताशी असणे, हा वाटाही लहान नाही. त्या पहिल्या दुर्बिणीसाठी केक प्रतिष्ठानाने १९८५ मध्ये सात कोटी डॉलर दिले होते. स्फोटाची आभा काही दिवसांत विझते. ती निविदांसाठी थांबत नाही.

आता दुसरी बाजू. मध्य प्रांताची राजधानी नागपुरात होती त्या काळी उन्हाळ्यात सरकार पचमढीला मुक्काम हलवीत असे. कामठीप्रमाणेच तेही छावणीचे गाव. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८६ साली उटीचा आपला गॅमा किरणांचा प्रयोग या पचमढीस आणला. अतिऊर्जावान गॅमा किरण वातावरणावर आदळला की सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता क्षीण निळसर प्रकाश उमटतो. तो टिपण्यासाठी तेथे पुढे पंचवीस दुर्बिणी उभ्या राहिल्या. प्रत्येकीत नव्वद सेंटिमीटर व्यासाचे सात आरसे. काम निरभ्र, चंद्रहीन रात्रींचे. पावसाळ्यात ते बंदच. परिश्रमांत ही मंडळी कोठेही उणी नव्हती. परंतु अमेरिकेतील व्हिपल वेधशाळेने दहा मीटरच्या एकाच परावर्तकातून या प्रकाशाची प्रतिमा घेऊन १९८९ मध्येच खेकडा तेजोमेघाचे गॅमा किरण निर्विवादपणे ओळखले होते. शास्त्राची वाट तेथून बदलली.

भारताचे त्या वाटेवरील मोठे पाऊल म्हणजे लडाखमधील हानले येथील एकवीस मीटर व्यासाची ‘मेस’ दुर्बीण. भाभा अणुसंशोधन केंद्राची ही निर्मिती आशियात सर्वांत मोठी आणि आपल्या जातीच्या दुर्बिणींत जगात सर्वांत उंचावरची. तिचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. पण ला पाल्मा बेटावरची सतरा मीटरची ‘मॅजिक’ दुर्बीण २००४ पासूनच निरीक्षणे घेत आहे. सोपे शोध आधी येणाऱ्याच्या पदरात पडतात. उशिरा आलेल्या यंत्राची किंमत तीच राहते, उत्पन्न मात्र घटते. प्रत्येक प्रकल्पात पैशाचे व्याज मोजणारा अर्थविभाग काळाचे व्याज मोजीत नाही, ही खरी उणीव आहे.

ज्या कामठी तालुक्यात कोराडीच्या वीजकेंद्राची राख लोकांच्या अंगणात येते, तेथे कोणी विचारील की आकाशातील किरणांवर खर्च कशाला? प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. मात्र देशाचा सारा संशोधनखर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. त्यात शेती, संरक्षण, औषधे, अवकाश सारेच आले. गॅमा किरणांचा वाटा त्यात चिमूटभर. तो रद्द केल्याने राखेचा प्रश्न सुटणार नाही. उलट, खर्च करायचाच आणि तोही रखडत करायचा, यात राखेच्या प्रश्नालाही लाभ नाही आणि शास्त्रालाही नाही.

परतणारे नाहीत असेही नाही. गोविंद स्वरूप साठीच्या दशकात परदेशातून परतले आणि त्यांनी आधी उटीची व नंतर खोडदची रेडिओ दुर्बीण उभारली. म्हणजे निरीक्षणापूर्वी त्यांना यंत्रच घडवावे लागले. अलीकडे वरुण भालेराव हे कुलकर्णींच्याच कॅल्टेकमधून पीएच.डी. करून परतले. मुंबईच्या आयआयटीत असताना त्यांनी सहकाऱ्यांसह गॅमा स्फोट टिपण्यासाठी ‘दक्ष’ या दोन उपग्रहांच्या योजनेचा प्रस्ताव मांडला. अशा प्रस्तावाच्या मंजुरीला आणि उभारणीला मिळून दहा वर्षे लागली, तर आज कामठीच्या महाविद्यालयात विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला बसलेला विद्यार्थी तोवर पीएच.डी. संपवून नोकरीच्या शोधात असेल, आणि त्याच्यापुढे तयार दुर्बिणींचे देश असतील.