कापडाच्या भिंतीआडची रात्र

परदेशीपुऱ्याहून एका गृहस्थांचे पत्र आम्हांस आले आहे. त्यांचे चिरंजीव नैरोबी येथे नोकरीस असून येत्या ऑगस्टात त्यांनी आईवडिलांस व आजोबांस तिकडे बोलाविले आहे. मसाई मारा येथील अरण्यात तीन रात्री तंबूत राहावयाचे, असा चिरंजीवांचा बेत आहे. गृहिणीच्या मनात भय शिरले आहे. आजोबांचा आक्षेप निराळा आहे. उभी हयात त्यांनी मिलमध्ये काढली. ते म्हणतात, “चार पक्क्या भिंतींसाठी जन्मभर झटलो; आता पैसे मोजून कापडाच्या भिंतीआड का निजावे?” ह्या दोन्ही शंकांचे उत्तर पत्रकर्त्याने आमच्याकडे मागितले आहे. असा योग थोड्यांच्याच वाट्यास येतो. तथापि प्रश्न पुष्कळांच्या उपयोगाचे आहेत, म्हणून उत्तर येथेच देतो.

प्रथम शब्दाविषयी. ‘सफारी’ हा स्वाहिली भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ केवळ प्रवास असा आहे. तो अरबीतून तिकडे गेला. त्याच अरबी मुळातून आपली ‘सफर’ आली. तंबू तर मराठी माणसास मुळीच नवा नव्हे. तंबू, राहुटी, डेरा, पाल, कनात, शामियाना, इतके शब्द ज्या भाषेत आहेत, तिचे लोक कधी काळी कापडाखाली पुष्कळ राहिले असले पाहिजेत. माळव्यात मराठी माणूस आला तो सैन्याच्या तळाबरोबर आला. मल्हारराव होळकरांचे आयुष्य स्वाऱ्यांत गेले आणि १७६६ साली त्यांनी देह ठेविला तोही घरापासून दूर, आलमपूर येथे. इंदूरची एक वस्ती तर अजूनही ‘छावणी’ ह्याच नावाने ओळखली जाते. तेव्हा आजोबांच्या पणजोबांचे पणजोबा मेखा ठोकून तणावे ताणीत असतील, तर त्यात नवल ते काय?

आता तेथील तळाविषयी. आफ्रिकेत तंबूंचे मुक्काम दोन प्रकारचे असतात. काहींत गालिचे, पलंग व न्हाणीघरे असतात. ते केवळ नावाचे तंबू. दुसरा प्रकार साधा. जाड कॅनव्हासचा तंबू, दाराखिडक्यांस डास न शिरतील अशी जाळी, आत दोन खाटा, एक कंदील किंवा सौर दिवा, आणि बाहेर कापडी खुर्च्या. स्नानासाठी झाडाच्या फांदीस किंवा खांबास बादली टांगलेली असते व तिच्या बुडास झारीसारखे तोंड असते. चुलीवर तापविलेले पाणी त्यात ओततात. दोरी ओढावी, अंग भिजवावे, दोरी सोडावी, साबण लावावा, पुन्हा दोरी ओढावी; एका बादलीत स्नान आटोपले पाहिजे. शहरी पाहुण्यांस हे शिकावे लागते. आमच्या खेड्यांतील भगिनींस ह्यात शिकण्यासारखे काही नाही! शौचासाठी खड्डा खणलेला असतो व प्रत्येक वेळी वरून माती टाकावयाची असते. भाकरीऐवजी पाव मिळतो. तोही पुष्कळदा पत्र्याच्या पेटीत, खाली-वर निखारे ठेवून भाजलेला.

बहुतेक तळांस कुंपण नसते, आणि गृहिणीच्या भयाचे मूळ तेथेच आहे. रात्री तरसाची हाक येते. ती खालच्या सुरात निघून एकदम वर चढते. सिंहाची गर्जना शांत रात्री सात-आठ किलोमीटरांवरूनही ऐकू येते. नदी जवळ असेल तर पाणघोडे चरावयास बाहेर पडतात आणि त्यांचे हुंकार तंबूच्या अगदी लगत आल्यासारखे वाटतात. कधी ते खरोखरच लगत येतात.

हे भय निराधार नाही, आणि ते आपल्याच देशबांधवांनी सोसलेले आहे. १८९६ ते १९०१ ह्या काळात इंग्रज सरकारने मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग बांधिला. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले. त्यांपैकी सुमारे २,५०० तिकडेच मरण पावले. १८९८ साली त्सावो नदीवरील पुलाचे काम चालू असता दोन सिंहांनी मजुरांच्या तळावर महिनोन्महिने घाला घातला. तंबूंभोवती काटेरी झुडपांचे कुंपण रचिले, शेकोट्या पेटविल्या, तरी सिंह माणसांस ओढून नेतच राहिले. मजूर काम टाकून पळून गेले व पूल थांबला. अखेर त्या वर्षाच्या डिसेंबरात पॅटर्सन ह्या अभियंत्याने दोघांस मारिले. त्यांच्या कातड्यांत भुसा भरून केलेल्या आकृती शिकागोच्या फील्ड संग्रहालयात आजही उभ्या आहेत. बळी किती गेले ह्याविषयी फार मतभेद आहेत. कोणी १३५ सांगितले; २००९ साली सिंहांच्या केसांचा व हाडांचा अभ्यास करणाऱ्यांनी सुमारे ३५ असा अंदाज मांडला. आकडा कोणताही घ्या. त्यांपैकी बहुतेकांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. त्याच मार्गावर पुढे १८९९ साली रेल्वेच्या सामानाचा एक तळ पडला. त्या तंबूंतूनच नैरोबी शहर वाढले. गोव्याचे पुष्कळ ख्रिस्ती बांधव कारकून, आचारी व शिंपी म्हणून तेथे गेले आणि स्थिरावले. चिरंजीव ज्या शहरी पगार घेतात, ते असे उभे राहिले आहे.

मग आजच्या पाहुण्यास भय नाही काय? आहे, परंतु ते नियमांनी आटोक्यात ठेविता येते. बंद तंबू हा जनावरास एखाद्या खडकासारखा अखंड पदार्थ वाटतो व सहसा ते त्याच्या वाटेस जात नाही. म्हणून पहिला नियम असा की, रात्री दाराची साखळी पुरती ओढून घ्यावी. दुसरा, अंधार पडल्यावर रक्षकास बरोबर घेतल्यावाचून एक पाऊलही बाहेर टाकू नये. बोलाविण्यासाठी शिट्टी किंवा दिवा दिलेला असतो. तिसरा, तंबूत खाद्यपदार्थ ठेवू नयेत. चिवड्याचा डबादेखील स्वयंपाकाच्या तंबूत द्यावा. चौथा, पाणघोडा व पाणी ह्यांच्या मधे कधीही उभे राहू नये. सिंहाचे नाव मोठे असले, तरी पायी चालणाऱ्यास पाणघोडा, रानरेडा व हत्ती ह्यांचे भय अधिक असते.

खरा शत्रू मात्र ह्या सर्वांहून लहान आहे. डासांपासून हिवताप होतो. त्यासाठी गोळ्या कोणत्या व केव्हा घ्यावयाच्या हे डॉक्टरांस आधी विचारावे. पीतज्वराची लस शासनमान्य केंद्रात जाऊन, प्रवासापूर्वी निदान १० दिवस, घ्यावी लागते. केनियाहून परतणाऱ्याजवळ तिचा दाखला नसेल, तर त्यास सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेविता येते. साठीच्या पुढील माणसास ही लस प्रथमच देताना डॉक्टरांस विशेष विचार करावा लागतो. म्हणून तिकिटे काढण्याच्या आधी आजोबांस डॉक्टरांकडे न्यावे; कदाचित प्रश्नाचा निकाल तेथेच लागेल. लोकरीचे कपडेही न्यावेत. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर आहे, मारा सुमारे दीड हजारांवर. ऑगस्टात रात्री थंडी वाजते. पैशाचाही विचार करावा. २०२४ साली मारा राखीव क्षेत्रात परदेशी पाहुण्याचे प्रवेशशुल्क जुलै ते डिसेंबर ह्या महिन्यांसाठी दर दिवशी २०० डॉलर आणि जानेवारी ते जूनसाठी १०० डॉलर असे ठरले. लाखो न्यू जनावरांचे कळप सेरेंगेटीतून नदी ओलांडून येतात ते जुलैनंतर, म्हणून हा फरक.

आता आजोबांचा प्रश्न. तो अधिक खोल आहे व त्यास हसण्यावारी नेऊ नये. ज्याने भाड्याच्या खोलीत संसार केला, पाऊस गळताना भांडी मांडली, त्याला भिंत म्हणजे काय हे ठाऊक असते. तंबूत गंमत वाटते ती पाठीमागे पक्के घर असते म्हणून. लोहमार्गावरील मजुरांस गंमत वाटली नसावी.

आणि आणखी एक गोष्ट. जेथे आपण पाहुणे म्हणून तंबू ठोकितो, तेथे पूर्वी कोणाचे तरी घर होते. सेरेंगेटीचे राष्ट्रीय उद्यान १९५१ साली झाले. १९५९ साली तेथील मसाई गुराख्यांस बाहेर जावे लागले. हे केवळ आफ्रिकेत घडले असे नाही. आपल्या मध्य प्रदेशात कुनो येथे गीरचे सिंह आणावयाचे ठरले, तेव्हा शतकाच्या उंबरठ्यावर २४ गावे हलविण्यात आली. सुमारे दीड हजार कुटुंबे, त्यांत बहुसंख्य सहरिया आदिवासी. सिंह आले नाहीत. २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियाहून ८ आणि पुढल्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेहून १२ चित्ते आले. १९५२ साली हा प्राणी भारतातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले होते. त्याचे परतणे ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्या आनंदाचे मोल ज्यांनी घरे सोडून दिले, त्यांची आठवण पाहुण्याने ठेविली पाहिजे.

माराभोवती गेल्या दोन दशकांत एक निराळी रीत पडली आहे. तेथील कित्येक मसाई कुटुंबे आपली जमीन एकत्र करून तळांस भाड्याने देतात. जमीन त्यांची राहते आणि भाडे घरी येते. म्हणून आमची चिरंजीवांस सूचना आहे की, तळ ठरविताना ही जमीन कोणाची, भाडे कोणास मिळते आणि रात्री जागणाऱ्या रक्षकास पगार किती, हे तीन प्रश्न विचारावेत. ह्यांची सरळ उत्तरे मिळतील तेथेच राहावे. पूर्वी असे तळ शिकाऱ्यांचे असत; १९७७ साली केनियाने शिकार बंद केली, बंदुका गेल्या आणि तंबू राहिले. रीती सुधारतात, पण विचारणारा असेल तर सुधारतात.

ज्यांचे कोणी नैरोबीत नाही त्यांनीही खंत करू नये. २०२५ च्या एप्रिलात कुनोतील दोन चित्ते मंदसौर व नीमच जिल्ह्यांतील गांधीसागर अभयारण्यात सोडण्यात आले. आफ्रिकेचे जनावर माळव्याच्या दाराशी आले आहे.

सारांश, गृहिणीने निर्भयपणे जावे, नियम पाळावेत आणि रात्री हाक ऐकू आली तर पांघरूण घेऊन शांत पडून राहावे. आजोबांस आग्रह करू नये. त्यांची प्रकृती व इच्छा असेल तर न्यावे. नसेल तर परतल्यावर त्यांच्या जवळ बसून सर्व हकीकत सांगावी, आणि त्यांनीही आपल्या पहिल्या घराची भिंत कशी उभी केली ते नातवास सांगावे. नातवाने ते ऐकलेले असावे, एवढेच आमचे मागणे आहे.